बत्ताशीचा फोन

पिंजरा आला तेव्हा आमचं मांजर, बत्ताशी, हळदीच्या रिकाम्या पोत्यांवर उन्हात पसरली होती. चंदनाच्या अण्णांनी तो रिक्षातून दोन्ही हातांनी उतरवला, सोप्यात आणून ठेवला आणि कमरेवर हात देऊन उभे राहिले. राखाडी प्लॅस्टिकचा पिंजरा, कडेनं हवेसाठी भोकं, पुढं तारेचं दार.

"घ्या बत्ताशीबाई," ते म्हणाले, "तुमचा बंगला आला. आम्ही लग्नात एसटीनं आलो होतो, तेही उभ्यानं."

बत्ताशीनं एक डोळा उघडला, पिंजऱ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटला.

"दार करकरतंय जरा," मी म्हणाले.

"करकरू दे. जपानात जाऊन तेल घालतील."

ते हसले, पण माझ्याकडे न बघता. मग दोघंही त्या पिंजऱ्यासमोर बसून राहिलो. आत काही नव्हतं, तरी बघत राहावंसं वाटत होतं.

चंदना आमची एकुलती मुलगी. जावई अभिनंदन नागोयाला मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर. वैशाखात, सातवा महिना चालू असताना, चंदनाचं बाळ गेलं. मुलगी होती. आम्हाला कळलं ते अभिनंदनच्या तोंडून. चंदना नंतर फोनवर यायची, पण बोलायची नाही. जेवलीस का, हो. झोप लागते का, हो. बाहेर जातेस का, हो. अभिनंदन सांगायचा की यातलं एकही खरं नाही. ती खिडकीपाशी बसून असते, त्याच्याशीही बोलत नाही, दवाखान्यातल्या बाईंशीही नाही.

एकदा मी विचारलं, "मी येऊ का गं थोडे दिवस?"

"नको आई."

"अण्णांचं मी बघते. शेजारी सांगून ठेवते."

"तसं नाही. तू आलीस की मला समजावशील."

फोनमधून समुद्रासारखी एक बारीक गाज येत होती, ती ऐकत राहिले. मग ती म्हणाली, "बत्ताशीला पाठवता येईल का?"

एवढं एकच तिनं मागितलं. कृष्णेला मोठा पूर आला त्या वर्षी चंदनानं तिला शेजारच्या पत्र्यावरून ओढणीत घालून आणलं होतं. पांढरीशुभ्र, बत्ताशाएवढी. पूर ओसरला, चिखल धुतला गेला, चंदनाचं लग्न झालं, आणि मांजर आमच्याकडे राहिलं. आता चंदनाला ते हवं होतं, आणि ते तिच्यापर्यंत पोचवायचं काम माझं होतं.

मिरजेला डॉक्टर नसीम जमादार म्हणून जनावरांच्या डॉक्टर होत्या. स्पष्ट बोलणाऱ्या, पण हात कापसासारखा. त्यांनी टेबलावर बत्ताशीला उताणी केली, दात पाहिले, पोट चाचपलं.

"काकी, जपानचे नियम फार कडक. आधी हिच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची. मग रेबीजची सुई, मग परत एक. मग रक्त काढून परदेशात तपासायला पाठवायचं. ते चांगलं आलं, तर रक्त काढल्या दिवसापासून सहा महिने थांबायचं."

"सहा महिने?"

"हो. तेवढ्यात माणसाला नोकरी लागून सुटते. पण खरं अवघड काम तुमच्याकडे आहे. हिला पिंजऱ्यात आपणहून राहायची सवय लावायची. कोंबून घातलेलं मांजर विमानात स्वतःला ओरबाडून घेतं. मी बघितलंय. आणि निघायच्या दिवशी पोट रिकामं ठेवायचं, नाहीतर वाटेत ओकत राहील."

घरी येताना बत्ताशी पिशवीतून तोंड काढून माझ्या मांडीवर होती, आणि माझ्या मनात एक जुनं पाठांतर फिरत होतं.

आम्ही जैन. मी चंदनाच्या जन्मानंतर व्रतं घेतली. पहाटे सामायिक, म्हणजे एका जागी स्थिर बसून मन शांत करणं. त्यानंतर बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, दर्शन करून घरी येईपर्यंत मौन. सूर्य मावळल्यावर अन्न नाही. आणि पाच अणुव्रतं. त्यातल्या पहिल्या, अहिंसेच्या व्रताला कोणत्या गोष्टींनी डाग लागतो ते आम्ही लहानपणीच पाठ करतो. जिवाला बांधणं, मारणं, त्याचं अंग छेदणं, त्याच्यावर जादा ओझं लादणं, त्याचं अन्नपाणी तोडणं. डॉक्टरबाईंनी सांगितलेलं काम यातल्या तीन गोष्टींतून जात होतं. पिंजरा, सुई आणि उपास.

मी अण्णांना सांगितलं. ते हळदीचा नमुना नाकाशी धरून बघत होते.

"मारायचं आणि ओझं लादायचं राहिलं की," ते म्हणाले. "दोन गोष्टींची सूट मिळाली."

"चेष्टा नका करू."

"बरं, नाही करत. पण तुझी ही बाई मागच्या गोठ्यात जाऊन उंदरांचं काय करते, ते बस्तीत कधी विचारलंस का?"

"ते तिचं. हे माझं."

त्यांनी नमुना खाली ठेवला. "मग माताजींना विचार," ते मऊ आवाजात म्हणाले. "नाहीतर तू झोपायची नाहीस, आणि मांजरही राहील इथंच."

त्या वर्षी बस्तीत एका आर्यिका माताजींचा, म्हणजे आमच्या साध्वींचा, चातुर्मास होता. पांढरी साडी, पुढ्यात मोरपिसांची पिंछी, आवाज इतका हळू की जवळ सरकूनच ऐकावं लागे. दुपारी बायका गेल्यावर मी थांबले आणि सगळं सांगितलं. चंदनाचंही सांगितलं.

"बांधणं म्हणजे काय, राजमती?" माताजींनी विचारलं.

"दोरीनं, साखळीनं..."

"जायचं असून जाऊ न देणं, ते बांधणं. जीव आत बसला आहे आणि त्याला बाहेर यायचंच नाही, तर त्याला कोणी बांधलं?"

"आणि सुई?"

"कुठल्या बुद्धीनं टोचली, ते तुझं तुला ठाऊक."

"आणि उपाशी ठेवायचं?"

"तू अष्टमीला राहतेसच. त्या दिवशी तिच्याबरोबर राहा."

मी वाकून नमस्कार केला. उठणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मुलगी काय म्हणते?"

"काही बोलत नाही, माताजी."

"आणि तू?"

"मी चार चांगल्या गोष्टी सांगते. कर्माचा उदय कुणाला चुकत नाही, शोक केला की नवीन कर्म बांधलं जातं, असं."

"हं," माताजी म्हणाल्या आणि डोळे मिटले.

मी तिथंच नियम घेतला. बत्ताशीला बाहेर यायचं असेल तेव्हा पिंजऱ्याचं दार मी लावणार नाही. एकदाही नाही, शिकवण्यासाठीसुद्धा नाही.

चिप बसवली त्या दिवशी मी निर्जळ उपवास केला. डॉक्टर नसीमना ते अण्णांनी सांगून टाकलं. त्यांनी सुई ठेवली आणि माझ्याकडे पाहिलं. "काकी, उपाशी तुम्ही आणि टोचलं तिला. हिशेब काही जुळला नाही." मग खुर्ची पुढं ओढून मला बसवलं आणि स्वतःची ओढणी घेऊन मला वारा घातला. बत्ताशी टेबलावर बसून पंजा चाटत होती, तिला काही झालंच नव्हतं.

पिंजरा मी मधल्या खोलीत, माझ्या सामायिकाच्या जागेशेजारी ठेवला. दाराला सुतळी बांधून ते मागं अडकवून टाकलं, म्हणजे ते वाऱ्यानंही लागू नये. आत चंदनाची जुनी निळी साडी घडी करून घातली. आणि मग काही केलं नाही. बोलावलं नाही, दूध आत ठेवलं नाही. तिचं तिला कळू दे म्हटलं.

आषाढ संपेपर्यंत ती पिंजऱ्याला वळसा घालून गेली. श्रावणात एकदा नुसतं डोकं आत घातलं. मग एका पहाटे मी सामायिकाला बसले होते. डोळे मिटलेले. बाहेर झिमझिम, अंगणातल्या पारिजातकाचा ओला वास, आणि सगळं घर पाण्याखाली असल्यासारखं शांत. मला पिंजऱ्याच्या प्लॅस्टिकवर चार पावलं ऐकू आली. मग साडीवर अंग टाकल्याचा आवाज. मग एक निःश्वास. मी डोळे उघडले नाहीत. माझा श्वास आणि तिचा श्वास कधी एका लयीत आला कळलं नाही. त्या वेळेपुरतं मला वाटलं की खोलीत एकच कुणीतरी आहे.

पहाटेच्या त्या वेळी घरात कुणी हलत नाही, कुणी हाक मारत नाही, हे तिनं हेरलं होतं. ती रोज त्याच वेळी आत येऊन झोपू लागली.

भाद्रपदात, पर्युषणाच्या आधी, एका पहाटे फोन वाजला. अण्णा न्हाणीघरात होते. माझं सामायिक झालं होतं, पण मौन होतं. पूजेचे तांदूळ निवडायला घेत होते. फोन वाजत राहिला म्हणून उचलला.

"आई?" चंदनाचा आवाज. तिकडं तेव्हा ऊन वर आलेलं असतं, अभिनंदन कामावर गेलेला असतो.

मी रिसीव्हरवर नखानं टकटक केलं. ती लहानपणी शाळेत जाताना मौनाच्या वेळी मी अशीच टेबलावर टकटक करून तिला डबा दाखवायची.

"मौन आहे ना तुझं? माहितीय मला," ती म्हणाली. "बत्ताशी आहे का तिथं?"

टकटक.

"तिच्याजवळ ठेव ना फोन. मला तिच्याशी बोलायचंय."

वायर लांब होती. मी रिसीव्हर पिंजऱ्यात, निळ्या साडीवर, बत्ताशीच्या कानापाशी ठेवला. ती हलली नाही. रिसीव्हरमधून बारीक गुणगुण सुरू झाली, जसं लांबच्या शेतात कुणी बोलत असावं.

मी तांदळाचं ताट उचललं आणि अंगणात गेले. जे आपल्याला दिलेलं नाही ते घेऊ नये, हे तिसरं व्रत. बोलणंसुद्धा. ती मांजराला सांगत होती, मला नाही. अंगणात बसून तांदूळ धुतले, निथळले, लवंगा वेगळ्या केल्या. पारिजातकाखाली फुलं इतकी पडली होती की पाय ठेवायला जागा नव्हती. आत गेले तेव्हा रिसीव्हर गप्प होता. मी तो जागेवर ठेवला आणि बस्तीत गेले.

दुसऱ्या दिवशी परत तीच वेळ, तोच फोन. मग रोजच.

"काय बोलते गं इतका वेळ?" अण्णांनी विचारलं.

"मला काय माहीत?"

"तू ऐकत नाहीस?"

"मला नाही आलेला तो फोन. बत्ताशीचा आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बत्ताशीकडे. "घरात मला सोडून सगळ्यांना फोन येतात," ते म्हणाले आणि टोपी घालून हळदीच्या अडतीवर गेले.

बत्ताशीचं रक्त परदेशी गेलं, चांगलं ठरून आलं. डॉक्टर नसीमनी स्वतः फोन करून सांगितलं. आता फक्त थांबायचं होतं. ते महिने माझ्या आठवणीत धुक्यासारखे आहेत. सकाळी पिंजऱ्यातली ती गुणगुण, अंगणात पाण्याखाली चमकणारे तांदूळ, आणि दुपारी झोप लागली की एक स्वप्न. बत्ताशी मोठ्या पाण्यावरून चालत जाते आहे, पाय भिजत नाहीत, आणि मी काठावरून हाक मारायला तोंड उघडते तर माझं मौन असतं.

दिवाळीत ती नाहीशी झाली. समोरच्या वाड्यातल्या पोरांनी लक्ष्मीपूजनाला फटाक्यांनी डबे उडवले. ती भिंतीवरून गेली ती परतली नाही. रात्रभर अण्णा गोठे, पत्रे, नदीकाठ पालथा घालत हिंडले. मी गल्लीत दारोदार विचारत गेले. एरवी मी कुणाच्या दारात उभी राहत नाही.

पाडव्याच्या पहाटे फोन वाजला.

"आई, ठेव तिच्याजवळ."

माझ्या हातात रिसीव्हर होता आणि पुढं रिकामा पिंजरा. साडीवर तिच्या अंगाचा खळगा तसाच होता. टकटक केलं तर खोटं होईल, नाही केलं तर ती घाबरेल. मौन मोडावं असं वाटलं. मग मनात आलं, मांजर हरवलंय हे ऐकून तिचं काय होईल. मी काहीच केलं नाही. रिसीव्हर हळूच त्या खळग्यात ठेवला.

ती बोलू लागली.

मी त्या दिवशी लगेच अंगणात गेले नाही. उंबऱ्याशी उभी राहिले. रिकाम्या पिंजऱ्यातून माझ्या मुलीचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण मधेच तो कापत होता, मधेच थांबत होता. दोन पावलं पुढं गेले असते तर सगळं ऐकू आलं असतं. मी पदराचं टोक मुठीत धरलं आणि अंगणात गेले.

खरं सांगायचं म्हणून त्याच संध्याकाळी मी स्वतः नागोयाला फोन लावला. अभिनंदननं उचलला.

"चंदनाला देता का?"

"आत्ताच डोळा लागलाय तिचा, आई. उठवू का?"

"नको, नको. कशी आहे?"

"खरं सांगू? बरी आहे. सकाळी तुमच्याशी बोलते ना, तेव्हापासून बरंच बरं आहे. परवा स्वतः आमटी केली. खारट झाली होती, मी दोनदा घेतली."

तो 'तुमच्याशी' म्हणाला ते मला वाटलं सहज म्हणाला. घरी फोन केला की माणूस असंच म्हणतो.

"बत्ताशी कशी आहे?" त्यानं विचारलं.

माझ्या तोंडात शब्द होते. "अभिनंदन," मी म्हणाले, "दिवाळीच्या फटाक्यांना भिऊन कुठंतरी लपलीय. अजून आली नाही."

"मी तिला आत्ता सांगत नाही," तो म्हणाला. "तुम्ही शोधा."

पुढच्या पहाटे मी सामायिकाला बसले तेव्हा मन बसेना. मी नुसती बसून होते, एवढंच. उजाडता उजाडता प्लॅस्टिकवर पावलं वाजली. चार, पण एक जरा लंगडं. साडीवर अंग टाकलं. निःश्वास. मी वेळ पुरी होईपर्यंत डोळे उघडले नाहीत. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर येत होतं. ते मी पुसलंही नाही, कारण सामायिकात हात हलवत नाहीत.

कान फाटला होता, अंगाला ग्रीस लागलं होतं. ज्या पिंजऱ्यात तिला कुणी कधी बंद केलं नव्हतं, त्यातच ती येऊन झोपली होती. अण्णा दारात आले आणि टॉवेल खांद्यावर तसाच ठेवून उभे राहिले. "आल्या का बाईसाहेब," ते म्हणाले.

माघात चंदना बत्ताशीला न्यायला आली. गालाची हाडं वर आली होती, केस कापले होते. दारात तिला ओवाळलं तर डोळे खाली घालून उभी राहिली. ती आठ दिवस होती. कागदपत्रं, डॉक्टर नसीमचा दाखला, पुण्याच्या सरकारी कार्यालयातला शिक्का, सगळं अण्णा आणि ती करून आले. घरात असताना ती पिंजऱ्यापाशी जमिनीवर बसायची. मला काही सांगितलं नाही, आणि माताजींचा तो हुंकार आठवून मीही काही समजावलं नाही. भाकरी थापायची, तूप वाढायची, ती खायची. मला वाटायचं, तिला जे बोलायचं ते तिनं मांजराला बोलून टाकलंय, आता आपल्या वाट्याला एवढंच.

निघायच्या दिवशी पहाटे गाडी येणार होती. मुंबईला पोचून रात्रीचं विमान. आदल्या दुपारपासून बत्ताशीला खायला दिलं नव्हतं, आणि मीही काही घेतलं नव्हतं. मी सामायिकाला बसले. चंदना येऊन शेजारी भिंतीला टेकून बसली. बत्ताशी आली, दोघींना ओलांडून पिंजऱ्यात गेली आणि निळ्या साडीत मुटकुळं करून निजली.

सामायिक संपलं. मी उठून दाराला बांधलेली सुतळी सोडली. इतक्या महिन्यांत गाठ घट्ट झाली होती. दार हळूच लोटलं. ते करकरलं. बत्ताशीनं एक डोळा उघडून पाहिलं, आणि हनुवटी परत पंजावर ठेवली. मी कडी घातली.

"आई," चंदना म्हणाली.

मी वळून पाहिलं. माझं मौन होतं.

"एक सांगायचं होतं. तू बोलू नकोस, तुझं मौन आहे ते बरंच आहे." ती जमिनीवरची फरशी बोटानं घासत होती. "मांजराशी कोण बोलतं गं एवढं? मी तुझ्याशीच बोलत होते. तुझ्या मौनाच्या वेळी मुद्दाम फोन करायचे. एरवी मी काही म्हटलं असतं की तू कर्म काढलं असतंस, धीर दिला असतास. मला धीर नको होता. मला नुसतं कुणीतरी ऐकायला हवं होतं." तिनं वर पाहिलं. "इतके महिने तू ऐकलंस. एकदा टकटकसुद्धा केलं नाहीस मध्ये. तुझ्यामुळं मी राहिले आई. एवढंच."

बाहेर गाडी येऊन थांबली. इंजिन चालू होतं. अण्णा ड्रायव्हरला सामान कुठं ठेवायचं ते सांगत होते.

मान डोलावली असती तरी पुरलं असतं. तिनं आभार मानले होते, मी ते घेतले असते, ती गेली असती. माझा हात पिंजऱ्याच्या कडीवर होता. मी पाहिलं, तिच्या चेहऱ्यावर लहानपणीचं काहीतरी परत आलं होतं, आणि मी बोलले तर ते जाईल.

"चंदना," मी म्हणाले.

तिनं दचकून पाहिलं. माझं मौन मोडलेलं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं.

"मी ऐकलं नाही गं."

"म्हणजे?"

"तू म्हणालीस मांजराजवळ ठेव. मी ठेवायची, आणि अंगणात जायची. तुझं बोलणं आपलं नाही म्हणून. एक शब्द ऐकला नाही मी."

"एकही?"

"एकही. दिवाळीत तर पिंजऱ्यात मांजरही नव्हतं."

चंदना माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, संपलं. आणि ती हसली. आधी नाकातून, मग पोट धरून. "म्हणजे मी पाडव्याला रिकाम्या पिंजऱ्याशी..." तिला पुढं बोलता येईना. ती हसत होती आणि हसता हसता तिचं डोकं माझ्या मांडीवर आलं, आणि ते हसणं रडण्यात बदललं. वैशाखापासून तिचं रडणं मी पहिल्यांदा ऐकत होते. बत्ताशी जाळीतून बघत होती.

मी तिच्या आखूड केसांवरून हात फिरवला. माझ्या तोंडात कर्म आलं नाही, संसार आला नाही.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "मी तुला तिचं नाव सांगितलं होतं. वैशाखापासून दुसऱ्या कुणालाच सांगितलं नव्हतं. अभिनंदनलासुद्धा नाही."

"मला आत्ता सांग."

तिनं डोकं न उचलता सांगितलं. मी ते एकदा मोठ्यानं म्हणून पाहिलं. घरात ते नाव पहिल्यांदाच मोठ्यानं घेतलं गेलं.

"आणखी काय सांगितलं होतंस?" मी विचारलं.

"खूप होतं आई. पहिल्यापासून होतं. गाडी आलीय."

"सांग," मी म्हणाले, आणि तेवढं बोलून मौनात परत गेले.

अण्णा दारात आले होते. त्यांच्या हातात तिची बॅग होती. त्यांनी माझ्या मांडीवरचं तिचं डोकं पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. बॅग उंबऱ्याच्या आत ठेवली आणि पाऊल न वाजवता मागं फिरले.

"जरा बंद करा हो इंजिन," ते बाहेर कुणाला तरी म्हणताना ऐकू आलं. "वेळ आहे अजून."

इंजिन थांबलं. चंदना उठून बसली, गुडघ्यांना मिठी घातली आणि त्या वैशाखातल्या सकाळपासून सांगू लागली.